भिंतीपलीकडचा जिना

एसटीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, "काका, काय काम करता?" मी म्हणतो, "स्लॅबवर बगीचे लावतो." पुढचा प्रश्न ठरलेला: "अन् स्लॅब गळत नाही?" कारंज्याहून वाशीमला जाईपर्यंत मी त्याला स्लॅब का गळते ते समजावून सांगतो आणि उतरताना तो म्हणतो, "ते ठीक आहे, पण आमी नाही लावणार बा." अशी कितीतरी गिऱ्हाइकं मी एसटीतच गमावली आहेत.

आधी मी गवंडी होतो. गाव आसेगाव, पण कामासाठी कारंज्यात आलो आणि इथलाच झालो. गच्चीला आमच्याकडे स्लॅबच म्हणतात. तीस-पस्तीस वर्षं स्लॅब टाकल्या, तेवढीच वर्षं त्या गळू नयेत म्हणून त्यांवर कोबा केला आणि मग उतारवयात त्याच स्लॅबवर माती नेऊन टाकायचा धंदा धरला. लोक हसले. हसू द्या. बाजाराच्या गल्ल्यांमध्ये घराला घर इतकं चिकटलं आहे की दोन घरांच्या मधून उंदीरसुद्धा आडवा होऊन जातो. अंगणं दुकानांत गेली. आमच्या गल्लीत एक कडुनिंब होता, तो रस्ता रुंद करताना गेला आणि त्याच्या जागी आता मोटारसायकली उभ्या राहतात. हिरवं काही लावायचं तर जागा उरली ती डोक्यावर.

काम तसं सोपं आहे, फक्त घाई करायची नाही. आधी पावसाचं पाणी जायचे पाईप चिंध्यांनी बंद करायचे, स्लॅबवर तीन बोटं पाणी भरायचं आणि दोन दिवस घरी जाऊन झोपायचं. तिसऱ्या दिवशी खालच्या खोलीत जाऊन छत बघायचं. डाग नसेल तर पुढचं बोलायचं. मातीचे वाफे खालच्या भिंतींच्या डोक्यावर घ्यायचे, स्लॅबच्या मधोमध कधी नाही, तिथे बाकडं ठेवावं. आणि माती थोडी, शेणखत जास्त, बाकी सोयाबीनचं कुटार. काढणीनंतर जो भुसा उरतो तो. आपल्याकडे त्याचे ढीग पडलेले असतात, वजनाला हलका आणि ओल धरून ठेवतो.

हे शेवटचं कोणाला पटत नाही. प्रत्येकाला स्वतःच्या वावरातली काळी माती हवी असते. रिसोडच्या एका धान्यवाल्याने मी नको नको म्हणत असताना ट्रॉलीभर माती वर चढवली. "माह्या बापानं कसलेली माती आहे, मिस्त्री. इच्यात काय उगवत नाही?" काळी माती पाणी पिऊन किती फुगते आणि किती जड होते हे वावर असलेल्या माणसाला मी काय सांगणार? भाद्रपदात स्लॅबला भेग गेली. खालच्या गोदामात भाववाढीसाठी राखलेल्या सोयाबीनच्या पोत्यांवर थेंब थेंब पाणी पडत राहिलं आणि आठवड्यात पोत्यांतून कोंब बाहेर आले. बगीचा वर लावला आणि उगवला खाली. धान्यवाला माझ्यावर महिनाभर रागावला, मग पुन्हा मलाच बोलावलं. त्याच्या स्लॅबवर आता कुटारात लावलेल्या मोगऱ्याला इतकी फुलं येतात की तो शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो आणि म्हणतो, "मातीच आमची तशी आहे."

हे काम एकट्याचं आहे. खाली बाजार गजबजलेला, भाजीवाल्यांची ओरड, हॉर्न, बँडवाले, आणि वर मी एकटा. मला सगळे दिसतात, मी कोणाला दिसत नाही. सुरुवातीला याची गंमत वाटायची. चार वर्षांपूर्वी माझी बायको शांता सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आणि नातवात रमली. निदान मी तसं समजत होतो. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवलात का, काय केलं, गोळी घेतली का. मग नातू फोन ओढून घेतो. तेव्हापासून वरच्या त्या एकटेपणाची गंमत गेली, पण घरी तरी कोण होतं? म्हणून मी अंधार पडेपर्यंत लोकांच्या स्लॅबवर रेंगाळायला लागलो.

एका स्लॅबवर मात्र रेंगाळता येत नसे. ती काकीजींची.

काकीजी म्हणजे बाजारातल्या जुन्या जैन घराण्यातल्या मोठ्या सूनबाई. आता वय ऐंशीच्या घरात. शेठजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हैदराबादला. पुढचं दुकान कापडवाल्याला भाड्याने दिलेलं आणि मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण होतं आणि दाराला कडी लागते. त्याआधी सगळ्यांनी खाली उतरायचं, मीसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला बोलावलं. "मिस्त्री, गल्लीतल्या बायायले बसाले जागा नाही. सकाळी मंदिरातून आल्या की ओट्यावर मोटारसायकली. माही स्लॅब रिकामी आहे. लावा बगीचा, दार मी उघडं ठेवीन." अटी दोनच. जमिनीखाली वाढणारं काही लावायचं नाही, म्हणजे मुळा, गाजर, कांदा नाही. आणि कोणता जीव मरता कामा नये.

पहिली अट मी पाळली. दुसरीत पहिल्याच वर्षी माती खाल्ली. चैत्रात मोठ्या हौसेने गांडूळखत आणलं, गांडुळांसकट, आणि वाफ्यांत पसरलं. कुठेतरी शिबिरात शिकून आलो होतो ना! दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर वाफे तापलेले आणि गांडुळं जीव वाचवायला बाहेर पडून स्लॅबवर वाळून गेलेली. काकीजींनी खालूनच हाक मारून विचारलं, "काय झालं, मिस्त्री? काहून गप्प झाले?" खोटं बोलवेना. खाली गेलो आणि सांगितलं. त्यांनी हातातली माळ बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमी स्लॅबा टाकून राह्यले. उन्हात स्लॅब किती तापते, तुमाले माहीत नोतं?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी वर जाऊन एकेक गांडूळ कागदावर उचललं आणि मातीत पुरलं. तेव्हा एवढं हळहळूनही त्या बघायला वर आल्या नव्हत्या. त्यांना बघवणार नाही, असं मी समजलो. आज वाटतं, तिथेच मला कळायला हवं होतं.

बगीचा मात्र झाला. पारिजातक, कुंद, तुळशी, गवती चहा, दोडक्याचा मांडव, आणि शेजारच्या बाजूच्या भिंतीवर जाई. बाया यायला लागल्या. कोणी पापड वाळत घालायला, कोणी लेकराला खेळवायला, दहावीच्या पोरी अभ्यासाला. हसणं खिदळणं इतकं की खालचा कापडवाला मान वर करून बघायचा. काकीजींना प्रत्येक झाडाची खबर असे. "कुंदाले कळ्या आल्या म्हणे. दोडकं जून होऊन राह्यलं, तोडा." मला वाटायचं, मी यायच्या आधी सकाळी त्या वर फिरून जात असणार.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक पाहुणी आली होती. काकीजी तिला सांगत होत्या, "वर टाकीच्या सावलीत बाकडं आहे, तिथं बसलं की मंदिराचा कळस दिसते." मी हातपाय धूत होतो, तसाच थांबलो. टाकीपाशी बाकडं नव्हतं. तिथे ओल यायची म्हणून दीड वर्षापूर्वी मीच ते जाईच्या भिंतीला लावलं होतं.

पाहुणी गेल्यावर मी विचारलं, "काकीजी, तुमी वर कधी गेल्या होत्या?"

त्यांनी पाहुणीची कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बगीचा झाल्यावर नाही गेली."

"एकदाबी नाही?"

"गुडघे उचलत नाहीत, मिस्त्री. पोरी मोबाईलमधी फुलं दाखवतात. फुलं दिसतात, जागा दिसत नाही. एकदा तिथं बसून पाहावं वाटते, बस."

एखाद्याने कानफटात मारावी तसं झालं. कारण तो जिना मी बांधला होता.

ती हकीकत अशी. तीसेक वर्षांपूर्वी हे घर दोघा भावांत वाटलं गेलं, मोठे शेठजी, म्हणजे काकीजींचे यजमान, आणि धाकटे. चिठ्ठ्या टाकल्या. घराचा रुंद, सावकाश चढणारा जिना धाकट्याच्या वाट्याला गेला. मोठ्या शेठजींनी शपथच घेतली, त्या जिन्यावर माझ्या घरचं माणूस पाय ठेवणार नाही. मला बोलावलं आणि म्हणाले, "दुकानाची एक इंच जागा न घेता जिना काढून दे." आमच्या धंद्यात जिना नेहमी उरल्यासुरल्या जागेत बसवतात. सहा-सात इंच उंचीची पायरी असली की पाय आपोआप चढतो. मी कोपऱ्यातल्या कोनाड्यात दहा इंचांच्या पायऱ्या बसवल्या, पाऊल आडवं टाकावं लागेल अशा. दुसऱ्या कोणत्या गवंड्याला ते जमलं नसतं. मी तो जिना लोकांना दाखवायला आणायचो! तेव्हा मी पस्तिशीचा आणि काकीजी पन्नाशीच्या. कोणी म्हातारं होईल हे जिना बांधताना कोणाच्याच मनात आलं नाही. आणि मी बगीचा केला तो अशा जिन्याच्या टोकाला. वर येणाऱ्या सगळ्या बाया तरण्या का होत्या, हेही मला त्या दिवशी उमगलं.

तोच जिना मोडून नवा काढायला चार दिवस मापं घेतली. दुकान भाड्याने दिलेलं, वर बीम आडवा. होत नव्हतं. पायरीवर अर्धी पायरी चढवावी, तर पाऊल ठेवायला जागा राहीना. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आईला वर जायची काय गरज आहे? पडली तर?" त्याचंही चूक नव्हतं.

मग पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी जाईच्या भिंतीकडे बघत बसलो होतो. छातीइतकी उंच भिंत, वर सिमेंटमध्ये खोवलेल्या बाटल्यांच्या काचा. वाटणीनंतर शेठजींनी ती माझ्याकडूनच घालून घेतली होती, काचासुद्धा मीच खोवल्या होत्या. पलीकडे धाकट्याची स्लॅब आणि तिथवर येणारा तो रुंद जिना. भिंतीला दाराएवढी वाट केली की काम झालं.

काकीजींना सांगितलं. त्यांचा चेहरा मिटला. "नको. तीस वर्षांत त्या दारातून मी गेली नाही."

"आता तर दोघं भाऊ नाहीत."

"ते होते तवा त्यायचं भांडण होतं. ते गेल्यावरबी मी गेली नाही, मंग ते माहंच झालं नं? कोण्या तोंडानं जाऊ?"

पलीकडे धाकट्याची बायको राहते, कमलकाकी. तीही विधवा, तीही एकटी. दोन्ही घरांची मागची भिंत सामाईक. ओल आली आहे का बघतो, असं निमित्त काढून मी गेलो. त्या म्हणाल्या, "या, वर जाऊन पाहा." जिना चढताना मला माझीच लाज वाटली. एका हाताने कठडा धरून नुकतं चालायला लागलेलं लेकरूसुद्धा चढेल असा जिना.

वर सगळी कोरडी स्लॅब. एक झाड नाही. फक्त आमच्या भिंतीला लागून एक प्लास्टिकची खुर्ची, आणि काचांवरून लोंबत इकडे उतरलेली जाई. खुर्चीखालची जागा झाडून स्वच्छ केलेली.

"इथं कोण बसतं, काकी?"

"मीच. दुपारची. तिकडं बाया हासतात, त्यायचं आयकू येते." मग वेलीकडे बघून घाईघाईने म्हणाल्या, "मी एकबी फूल तोडलं नाही, मिस्त्री. त्यायचा वेल आहे. पडलेली तेवढी वेचली." त्यांनी खाली जाऊन स्टीलची वाटी आणून दाखवली. त्यात त्या सकाळची जाई होती.

मी भिंतीतून वाट काढायचं बोललो. त्या म्हणाल्या, "माही कायले ना असन? पण त्यायनं म्हणावं. त्या मोठ्या आहेत."

आता आली पंचाईत. एक म्हणते कोण्या तोंडानं जाऊ, दुसरी म्हणते त्यांनी म्हणावं. अशा वेळी मधल्या माणसाने इकडे एक आणि तिकडे एक सांगून काम उरकायचं असतं. पण गांडुळांच्या दिवसापासून काकीजींपुढे खोटं बोलणं मला जमत नाही. मी फक्त ती वाटी मागून घेतली, काकीजींच्या पुढ्यात नेऊन ठेवली आणि कुठली ते सांगितलं.

"कमलनं तोडली?"

"नाही. पडलेली वेचली. वेल तुमचा म्हणून तोडत नाही."

"कवापासून?"

"वेल तिकडं उतरला तवापासून. दोन वर्षं झाले असतील."

त्यांनी वाटीत बोटं घातली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हणाल्या, "भिंत पाडाले किती दिवस लागतात?"

"एक."

"मंग पाडा."

मी आधी काचा काढल्या, एकेक छिन्नीने, वेलाला धक्का न लावता. मग दाराएवढा भाग. माझ्याच हातचं सिमेंट इतकं पक्कं निघालं की संध्याकाळपर्यंत पुरलं. आयुष्यात स्वतःच्या पक्क्या कामाचा तेवढा राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीजी पांढरं लुगडं नेसून घरातून निघाल्या. वीस पावलांचा रस्ता, पण गल्ली थांबली होती. कापडवाला दुकानाबाहेर येऊन उभा. कमलकाकी दारातच होत्या. या म्हणाल्या नाहीत. वाटेतल्या चपला पायाने बाजूला सारल्या आणि जिन्यातला दिवा लावला. काकीजींनी कठड्यावर हात ठेवला आणि त्या चढल्या. मधल्या वळणावर एकदा बसल्या. मी मागे दोन पायऱ्या खाली, हात पुढे धरून. त्याची गरज पडली नाही.

वर आल्यावर त्या भिंतीच्या वाटेतून पलीकडे, आपल्या बगीच्यात गेल्या. पारिजातकाच्या खोडाला हात लावला, दोडक्याच्या मांडवाखाली वाकून बघितलं, तुळशीपाशी थांबल्या. मग बाकड्यावर बसल्या आणि मंदिराकडे तोंड करून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला म्हणाल्या, "लहान वाटत होतं मले. मोठं आहे." इतक्या वर्षांत माझ्या कामाला कोणी असं बघितलं नव्हतं.

कमलकाकी वाटेच्या अलीकडेच, आपल्या कोरड्या स्लॅबवर उभ्या होत्या. काकीजी मागे न बघता म्हणाल्या, "कमल, तिथं उन्हात काहून उभी राह्यली? इकडं ये."

त्या आल्या आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दोघींच्या मध्ये अजून दोन माणसं बसतील एवढी जागा होती. मी झारी घेऊन उगाच इकडेतिकडे करत राहिलो. थोड्या वेळाने काकीजी म्हणाल्या, "मिस्त्री, तुमी जा आता."

मी माझ्या अरुंद जिन्याने खाली उतरलो. फार आनंद झाला होता आणि फार एकटं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी शांताचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. चार वर्षांत फोनवर इतकं कधी बोललो नव्हतो. जिना, काचा, वाटीतली जाई, बाकडं. नातवाला तिने एकदाही फोन ओढू दिला नाही. शेवटी म्हणाली, "तीस वर्षं कोणीच कोणाले ये म्हटलं नाही?"

"नाही नं."

"मीबी वाट पाहून राह्यली," ती म्हणाली. "पोरगं वर्षाचं झालं तवापासून. वाटलं, तुमी आज म्हणसान, उद्या म्हणसान, घरी ये म्हणून."

मी समजत होतो ती तिकडे रमली आहे. कधी विचारलं नव्हतं, तिला ओढून आणल्यासारखं होईल म्हणून. स्वतःच्या या मोठेपणाचं मला कौतुकही होतं.

"ये," मी म्हणालो. "उद्याच ये. मी घ्यायले येतो."

मागे नातू तिला काहीतरी मागत होता. त्याला थांब म्हणून ती परत फोनवर आली.

"आता कसं येऊ?" ती म्हणाली. "सोमवारपासून त्याची शाळा लागून राह्यली. त्याले आणाले कोण जाईन?"